ग्रंथालय तालिकेतील सुधारणा आणि वाचक

ग्रंथालय तालिका म्हणजे एखाद्या ग्रंथालयातील ग्रंथांची व इतर वाचनसाहित्याची ठरावीक नियमांनुसार केलेली पद्धतशीर नोंद होय. एखादा ग्रंथ ग्रंथालयात आहे किंवा नाही, तो कोणी लिहिला, त्याची कोणती आवृत्ती उपलब्ध आहे आणि तो कोणत्या जागी मिळेल, हे तालिकेवरून कळते. हस्तलिखित वह्या, छापील खंड, पत्रके आणि संगणक अशी तिची रूपे काळानुसार बदलत गेली. तालिका अधिक अचूक व सोयीची व्हावी यासाठी ग्रंथपालांनी गेली पावणेदोनशे वर्षे सातत्याने परिश्रम केले आहेत. ज्यांच्यासाठी हे परिश्रम होतात त्या वाचकांना या सुधारणांविषयी आस्था असते का, हा ग्रंथालयशास्त्रातील एक जुना आणि अद्याप चर्चेत असलेला प्रश्न आहे.

या विषयावरील अभ्यासांवरून असे दिसते की, बहुसंख्य वाचकांना तालिकेत नव्हे, तर हवा तो ग्रंथ हाती येण्यात रस असतो. तालिका नीट चालत असते तेव्हा तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तथापि, ज्या सुधारणांची नावेही वाचकांना ठाऊक नसतात, त्यांवर त्यांचे शोध मोठ्या प्रमाणात अवलंबून असतात. त्यामुळे वाचकांचे मौन म्हणजे त्यांची उदासीनता असे मानावे काय, हा या चर्चेतील कळीचा मुद्दा आहे. तालिकीकरणावर किती मनुष्यबळ व पैसा खर्च करावा, हा निर्णयही त्याच्या उत्तराशी जोडलेला आहे.

तालिकेचे कार्य

अमेरिकन ग्रंथपाल चार्ल्स अमी कटर यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमावलीत तालिकेची उद्दिष्टे सांगितली. लेखक, शीर्षक किंवा विषय ठाऊक असलेला ग्रंथ वाचकाला सापडावा. विशिष्ट लेखकाचे, विषयाचे किंवा साहित्यप्रकाराचे कोणते ग्रंथ ग्रंथालयात आहेत हे कळावे. आणि आवृत्ती व स्वरूप पाहून ग्रंथ निवडता यावा, ही ती उद्दिष्टे होत. तालिकाकाराच्या सोयीपेक्षा वाचकाची सोय महत्त्वाची, हे तत्त्वही कटर यांनी आग्रहाने मांडले. ग्रंथालय संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९८ मध्ये शोधणे, ओळखणे, निवडणे आणि मिळवणे अशी वाचकाची चार कार्ये निश्चित केली. २०१७ च्या सुधारित प्रारूपात धांडोळा घेणे हे पाचवे कार्य समाविष्ट करण्यात आले.

वाचकाला तालिकेची किती गरज भासते, हे ग्रंथालयाच्या पद्धतीवरही अवलंबून असते. मुक्तद्वार पद्धतीत वाचक स्वतः कपाटांपाशी जाऊन ग्रंथ चाळू शकतो. त्यामुळे अनेकदा तालिका न पाहताही त्याचे काम भागते. बंदिस्त पद्धतीत ग्रंथ कर्मचाऱ्यामार्फत मागवावा लागतो. तेथे तालिका हेच संग्रहात डोकावण्याचे एकमेव साधन असते आणि चुकीची नोंद झालेला ग्रंथ कपाटात असूनही वाचकाच्या दृष्टीने हरवलेला असतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

प्राचीन काळातील प्रसिद्ध ग्रंथसूची म्हणून इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात कॅलिमॅकस या ग्रीक कवी-पंडिताने अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाच्या आधारे रचलेल्या ‘पिनाकेस’ या १२० गुंडाळ्यांच्या सूचीचा उल्लेख केला जातो. ती आज उपलब्ध नाही. तालिकेविषयी वाचकांची मते उघडपणे नोंदली गेल्याचे महत्त्वाचे उदाहरण मात्र एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये आढळते.

ब्रिटिश म्युझियममधील वाद

अँटोनियो पानिझ्झी हे मूळचे इटालियन निर्वासित १८३७ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या मुद्रित ग्रंथ विभागाचे प्रमुख झाले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तालिकेसाठी ९१ नियम तयार केले. ते १८४१ मध्ये तालिकेच्या पहिल्या खंडाबरोबर प्रसिद्ध झाले. या खंडात इंग्रजी वर्णमालेतील केवळ पहिल्या अक्षराच्या नोंदी होत्या. सर्व ग्रंथांच्या नोंदी तयार होण्यापूर्वीच छपाई सुरू केल्यास तालिका सदोष होईल, असे पानिझ्झी यांचे मत होते. त्यामुळे पुढील छपाई थांबली आणि वाचकांना हस्तलिखित नोंदींच्या खंडांवर काम भागवावे लागले.

यामुळे वाचक नाराज झाले. म्युझियमच्या कारभाराची चौकशी करण्यासाठी १८४७ मध्ये नेमलेल्या शाही आयोगापुढे अनेक विद्वानांनी तालिकेविषयी तक्रारी मांडल्या. इतिहासकार टॉमस कार्लाइल त्यांच्यापैकी एक होते. तालिकेविना ग्रंथालयाला काहीच मोल नाही, अशा आशयाची साक्ष त्यांनी दिली. म्युझियमच्या वाचनालयातील गैरसोयींना कंटाळून त्यांनी १८४१ मध्ये लंडन लायब्ररी या वर्गणीदारांच्या ग्रंथालयाच्या स्थापनेत पुढाकार घेतला होता. थोडक्यात नोंदी असलेली छापील तालिका लवकर मिळावी, अशी आयोगाचे सचिव व शेक्सपिअरचे अभ्यासक जॉन पेन कोलियर यांची मागणी होती. असे काम किती झटपट होते हे दाखवण्यासाठी त्यांनी आपल्या संग्रहातील २५ ग्रंथांच्या नोंदी स्वतः तयार केल्या. पानिझ्झी यांचे सहकारी जॉन विंटर जोन्स यांनी त्या तपासल्या, तेव्हा त्यांत अनेक चुका व उणिवा आढळल्या. अशा नोंदींवरून एक आवृत्ती दुसरीपासून ओळखता येणार नाही, असे त्यांनी दाखवून दिले.

१८५० च्या अहवालात आयोगाने पानिझ्झी यांची बाजू उचलून धरली. म्युझियमच्या तालिकेची सलग छपाई पुढे १८८१ पासून सुरू झाली. या वादात वाचक तालिकेविषयी उदासीन नव्हते. त्यांना ती लवकर हवी होती, तर ग्रंथपालाला ती निर्दोष हवी होती. वेग आणि अचूकता यांतील हा ताण पुढील काळातही कायम राहिला.

पत्रक-तालिका

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पत्रक-तालिका रूढ होऊ लागली. प्रत्येक नोंद स्वतंत्र पत्रकावर असल्याने नव्या ग्रंथाची भर योग्य जागी घालता येत असे. अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९०१ पासून छापील पत्रके इतर ग्रंथालयांना विकण्यास सुरुवात केली आणि नोंदींत एकसारखेपणा आला. १९६० च्या दशकात हेन्रिएट ॲव्हरम यांच्या नेतृत्वाखाली याच ग्रंथालयात ‘मार्क’ हा संगणकास वाचता येणारा नोंदींचा आराखडा विकसित झाला. १९६७ मध्ये ओहायो राज्यातील महाविद्यालयांनी स्थापन केलेल्या ओसीएलसी या सहकारी संस्थेने संगणकाच्या साहाय्याने पत्रके पुरवली. तिने शेवटची पत्रके ऑक्टोबर २०१५ मध्ये छापली.

संगणकीय तालिका आल्यावर पत्रकांचे खण काढून टाकण्यात आले. अमेरिकन लेखक निकल्सन बेकर यांनी १९९४ मध्ये ‘द न्यू यॉर्कर’ साप्ताहिकात लिहिलेल्या दीर्घ लेखात याविषयी खेद व्यक्त केला. पत्रकांवरील तपशील व ग्रंथपालांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमाचा ठेवा संगणकीकरणात नष्ट होत आहे, असा त्यांचा आक्षेप होता. ग्रंथपालांपैकी अनेकांना तो स्मरणरंजनाचा भाग वाटला. तरीही तालिका हा सार्वजनिक आस्थेचा विषय होऊ शकतो, हे या लेखामुळे दिसून आले.

रंगनाथन यांचा दृष्टिकोन

भारतात या प्रश्नाचा मूलभूत विचार एस. आर. रंगनाथन यांनी केला. ते १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली आणि १९३४ मध्ये वर्गीकृत तालिकेची नियमावली प्रसिद्ध केली. वाचकाचा वेळ वाचवावा, हे त्यांचे चौथे सूत्र तालिकेला थेट लागू होते. वाचकाने तालिकेचे नियम शिकावेत अशी अपेक्षा न ठेवता, तो ज्या शब्दाने शोध सुरू करील तेथून तालिकेने त्याला योग्य जागी नेले पाहिजे, अशी त्यांच्या पद्धतीची दिशा होती. वर्गांकाच्या साखळीतील प्रत्येक पायरीवरून विषय-नोंद तयार करण्याची त्यांची ‘साखळी पद्धत’ याच विचारातून आली. वाचकाच्या शेजारी उभे राहून त्याला मदत करणाऱ्या ग्रंथपालाला त्यांनी तालिकेइतकेच महत्त्व दिले.

वाचकांच्या वापराचे अभ्यास

वाचक पत्रक-तालिका कशासाठी वापरतात, याचा एक प्रसिद्ध अभ्यास बेन-अमी लिपेट्झ यांनी अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात केला. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, सुमारे तीन-चतुर्थांश वाचक आधीच माहीत असलेला विशिष्ट ग्रंथ शोधण्यासाठी तालिकेकडे येतात, असे आढळले. यावरून विषयानुसार शोधाला वाचकांच्या लेखी दुय्यम स्थान आहे, अशी समजूत दृढ झाली.

१९८० च्या दशकाच्या आरंभी कौन्सिल ऑन लायब्ररी रिसोर्सेस या अमेरिकन संस्थेच्या अर्थसाहाय्याने अनेक ग्रंथालयांतील संगणकीय तालिकांचे मोठे सर्वेक्षण झाले. त्यात या समजुतीला धक्का बसला. संगणकावर निम्म्याहून अधिक शोध विषयानुसार होत असल्याचे त्यात आढळले. वाचक नव्या तालिकेवर बहुतांशी समाधानी होते. मात्र त्यांनी पुढील सुधारणाही सुचवल्या. ग्रंथाची अनुक्रमणिका शोधता यावी, ग्रंथ दुसऱ्या वाचकाकडे गेला आहे काय हे पडद्यावर दिसावे, शोधाचे निष्कर्ष छापून घेता यावेत आणि संबंधित शब्दांची यादी पाहता यावी, अशा त्यांच्या मागण्या होत्या.

पुढील काळात हा उत्साह ओसरला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ‘मेल्विल’ या तालिकेतील सहा वर्षांच्या वापराचे विश्लेषण करून रे लार्सन यांनी १९९१ मध्ये असे दाखवले की, विषयशीर्षकांनुसार होणारा शोध सातत्याने घटत असून त्याची जागा शीर्षकातील शब्दांनुसार होणारा शोध घेत आहे. विषयशीर्षकाने शोधल्यास अनेकदा काहीच सापडत नसे किंवा एकदम शेकडो नोंदी समोर येत. दोन्ही प्रसंगी वाचकाची निराशा होई. क्रिस्टीन बोर्गमन यांनी १९८६ मध्ये संगणकीय तालिका वापरण्यास अवघड का आहेत, याची मीमांसा केली आणि दहा वर्षांनी, १९९६ मध्ये, त्या अजूनही अवघड का आहेत, असा प्रश्न पुन्हा मांडला. लोक प्रत्यक्षात शोध कसा घेतात हे लक्षात न घेता तालिकांची रचना केली जाते, असे त्यांचे म्हणणे होते.

आंतरजालीय शोधयंत्रांचा काळ

शोधयंत्रे सर्वत्र रूढ झाल्यावर वाचकांची अपेक्षा बदलली. ओसीएलसीने २००५ मध्ये भारतासह सहा देशांतील आंतरजाल वापरणाऱ्यांचे सर्वेक्षण प्रसिद्ध केले. त्यात माहितीचा शोध शोधयंत्रापासून सुरू करणाऱ्यांचे प्रमाण ८४ टक्के, तर ग्रंथालयाच्या संकेतस्थळापासून सुरू करणाऱ्यांचे प्रमाण केवळ १ टक्का होते.

या बदलाला उत्तर म्हणून तालिकांचे दर्शनी रूप पालटू लागले. जानेवारी २००६ मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयाने नवी तालिका सुरू केली. तिच्यात शोधशब्दाशी अधिक जुळणाऱ्या नोंदी आधी दिसत आणि विषय, भाषा, साहित्यप्रकार, काळ अशा निकषांवर टिचकी मारून निकाल कमी करता येत. हे निकष नव्याने तयार केलेले नव्हते. तालिकाकारांनी वर्षानुवर्षे नोंदींत भरलेलीच माहिती वाचकाला सहज वापरता येईल अशा रीतीने पुढे आणली होती. पुढे हीच पद्धत बहुतेक नव्या तालिकांनी स्वीकारली.

त्याच वर्षी कॅरन कॅल्हून यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी तयार केलेला अहवाल प्रसिद्ध झाला. वाचक तालिकेकडून इतर साधनांकडे वळत असल्याने तालिकीकरणाचा खर्च कमी करावा, तसेच नियंत्रित विषयशीर्षके हाताने देण्याचे काम सोडून द्यावे, अशा शिफारशी त्यात होत्या. त्याच ग्रंथालयातील संदर्भ ग्रंथपाल टॉमस मान यांनी त्यावर कठोर टीका केली. झटपट माहिती शोधणारा वाचक आणि एखाद्या विषयाचा सखोल अभ्यास करणारा संशोधक यांच्या गरजा भिन्न आहेत. पहिल्याच्या सवयीवरून दुसऱ्याचे साधन मोडीत काढू नये, असे त्यांचे प्रतिपादन होते.

वाचक आणि ग्रंथपाल यांच्या अपेक्षांतील अंतर

ओसीएलसीने २००९ मध्ये वाचक व ग्रंथपाल या दोघांना तालिकेकडून काय हवे आहे, याचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. वाचकांच्या दृष्टीने ग्रंथ सापडण्याइतकेच तो प्रत्यक्ष मिळण्याला महत्त्व असल्याचे त्यात आढळले. ग्रंथ आत्ता उपलब्ध आहे काय, तो कोठे आहे, थेट दुव्यावरून वाचता येईल काय, हे प्रश्न त्यांच्या लेखी अग्रक्रमाचे होते. ग्रंथ उपयोगाचा आहे की नाही हे ठरवण्यासाठी त्यांना सारांश व अनुक्रमणिका हवी होती. ग्रंथपालांचा भर एकाच ग्रंथाच्या दुबार नोंदी काढून टाकणे, नोंदींतील चुका दुरुस्त करणे आणि नोंदी अधिक परिपूर्ण करणे यांवर होता.

वाचकांच्या या मागण्या १९८० च्या दशकातील मागण्यांशी बऱ्याच जुळतात. अनुक्रमणिका आणि उपलब्धता या दोन गोष्टी वाचक पाव शतकाहून अधिक काळ मागत राहिले, असे त्यावरून दिसते. यामुळे वाचक सुधारणांबाबत उदासीन असतात, या विधानाला मर्यादा पडते. नियमावलीतील बदलांची मात्र ते क्वचितच दखल घेतात. उदाहरणार्थ, २०१० मध्ये आलेली आरडीए ही नवी नियमावली लायब्ररी ऑफ काँग्रेसने ३१ मार्च २०१३ पासून लागू केली. ग्रंथपालांमध्ये तिच्यावर अनेक वर्षे वाद झडले. सामान्य वाचकाला नोंदीत जाणवणारे बदल मात्र मोजके होते. त्यांपैकी एक म्हणजे लॅटिन संक्षेपांऐवजी पूर्ण शब्द लिहिणे.

न दिसणाऱ्या सुधारणा

वाचक विषयशीर्षके वापरत नाहीत, म्हणून ती निरुपयोगी आहेत, या युक्तिवादाची परीक्षा टीना ग्रॉस आणि आर्लिन टेलर यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात केली. वाचक साध्या शब्दांनी शोध घेतात तेव्हा तो शब्द शीर्षकात नसून केवळ विषयशीर्षकात असल्यामुळे किती नोंदी सापडतात, हे त्यांनी मोजले. विषयशीर्षके काढून टाकल्यास सापडणाऱ्या नोंदींपैकी सरासरी एक-तृतीयांशाहून अधिक नोंदी हाती लागणार नाहीत, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे विषयशीर्षकांचे अस्तित्वही ठाऊक नसलेल्या वाचकाला त्यांचा लाभ होत होता.

लेखकनामाच्या नियंत्रणाबाबतही असेच घडते. एका लेखकाची वेगवेगळी नावे एकमेकांशी जोडणे आणि एकाच नावाचे दोन लेखक वेगळे ठेवणे, हे या कामाचे स्वरूप असते. ते नीट झाले असेल तर वाचकाला काहीच जाणवत नाही. झाले नसेल तरीही अनेकदा त्याला काही जाणवत नाही. कारण शोधाला शून्य निकाल आला की ग्रंथ ग्रंथालयात नाही असे समजून तो निघून जातो. अशा अपयशाची तक्रार ग्रंथपालापर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच तक्रारींच्या संख्येवरून किंवा समाधानाविषयीच्या प्रश्नावलीवरून तालिकेची गुणवत्ता ठरवणे अपुरे ठरते. त्याऐवजी निष्फळ ठरलेल्या शोधांच्या नोंदी तपासणे, हा वाचकाची अडचण जाणून घेण्याचा एक उपयुक्त मार्ग आहे.

वाचकांची आस्था उघडपणे व्यक्त होण्याचे प्रसंग

विषयशीर्षकांतील शब्द

तालिकेतील शब्दच वाचकाला अपमानास्पद वाटतात, तेव्हा हा विषय ग्रंथालयाबाहेर पोहोचतो. झांबियात काम केलेले अमेरिकन ग्रंथपाल सॅनफर्ड बर्मन यांनी १९७१ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषयशीर्षकांतील वांशिक व इतर पूर्वग्रहांवर टीका करणारे पुस्तक लिहिले. २०१४ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी ‘इल्लीगल एलियन्स’ (बेकायदेशीर परके) या विषयशीर्षकाला हरकत घेतली. स्थलांतरितांविषयीचे ग्रंथ शोधताना हे शीर्षक त्यांच्या समोर आले होते. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१६ मध्ये ते बदलण्याचे जाहीर केले. परंतु अमेरिकन काँग्रेसमध्ये त्याला विरोध झाला आणि बदल रखडला. दरम्यान अनेक ग्रंथालयांनी आपापल्या तालिकांत पर्यायी शब्द वापरले. अखेर नोव्हेंबर २०२१ मध्ये या शीर्षकाऐवजी ‘नॉनसिटिझन्स’ (अनागरिक) व ‘इल्लीगल इमिग्रेशन’ (बेकायदेशीर स्थलांतर) अशी दोन शीर्षके स्वीकारण्यात आली.

तालिका बंद पडणे

ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिची संगणकीय तालिका बंद पडली. ग्रंथ जागच्या जागी सुरक्षित होते. पण त्यांतील बहुतेक मागवण्याची नेहमीची वाट बंद झाली. संशोधकांची कामे अडली आणि एरवी गृहीत धरलेल्या तालिकेविषयी वृत्तपत्रांत लिहिले गेले. सुमारे ३.६ कोटी नोंदी असलेली मुख्य तालिका १५ जानेवारी २०२४ रोजी केवळ शोधापुरती पुन्हा खुली झाली.

वाचकांच्या स्वतःच्या तालिका

२००५ मध्ये सुरू झालेल्या ‘लायब्ररीथिंग’ या संकेतस्थळावर वाचक आपल्या घरच्या ग्रंथसंग्रहाची तालिका स्वतः तयार करतात. आवृत्त्या एकत्र करणे, लेखकांची नावे जुळवणे, विषयदर्शक शब्द देणे ही तालिकाकाराची कामे तेथे वाचक हौसेने करतात. संग्रह आपला असतो तेव्हा नोंदीतील बारकाव्यांविषयीही वाचकांना आस्था वाटते, याचे हे उदाहरण मानले जाते.

मराठी ग्रंथ आणि तालिका

मराठी ग्रंथांच्या बाबतीत तालिकेतील सुधारणांचा परिणाम विशेष जाणवतो, कारण एकच लेखक किंवा एकच ग्रंथ अनेक नावांनी ओळखला जातो. वि. वा. शिरवाडकर यांची कविता ‘कुसुमाग्रज’ या नावाने, तर ‘नटसम्राट’सारखी नाटके मूळ नावाने प्रसिद्ध झाली. राम गणेश गडकरी यांनी कवितेसाठी ‘गोविंदाग्रज’ आणि विनोदी लेखनासाठी ‘बाळकराम’ हे नाव घेतले. ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह १९३३ मध्ये ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने आला. त्याच्या लेखिका मालतीबाई बेडेकर असून विवाहापूर्वीचे त्यांचे नाव बाळूताई खरे होते. ‘ज्ञानेश्वरी’ आणि ‘भावार्थदीपिका’ ही एकाच ग्रंथाची दोन नावे आहेत. ‘हेही पाहा’ अशी परस्परनिर्देशक नोंद नसेल, तर अशा लेखकाचे किंवा ग्रंथाचे निम्मे साहित्य वाचकाच्या नजरेआड राहते.

लेखनपद्धतीतील बदल ही दुसरी अडचण आहे. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनंतर अनुच्चारित अनुस्वार गळले आणि ‘कवि’, ‘गुरु’ यांसारखे तत्सम शब्द दीर्घान्त लिहिले जाऊ लागले. जुन्या ग्रंथांच्या शीर्षकांत ‘कांहीं’, ‘नांव’, ‘महाराष्ट्रांतील’ अशी रूपे आढळतात. तालिकाकार शीर्षक मूळ ग्रंथात आहे तसेच उतरवतो, तर वाचक आजच्या लेखनानुसार शोधतो. दोन्ही रूपे समान मानण्याची सोय प्रणालीत नसेल तर ग्रंथ सापडत नाही. यूनिकोडमध्येही ‘ऱ्हस्व’ या शब्दातील अर्धा ‘र’ दोन पद्धतींनी टंकित करता येतो. वाचकाला दोन्ही रूपे सारखीच दिसतात. संगणकाला मात्र ती भिन्न भासू शकतात. यूनिकोडपूर्व काळात विशिष्ट टंकांवर आधारित पद्धतींनी भरलेल्या नोंदी रूपांतर केल्याविना शोधता येत नाहीत.

परदेशातील ग्रंथालयांत लिप्यंतराचा प्रश्न उद्भवतो. लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६२ मध्ये दिल्लीत कार्यालय उघडल्यावर मराठी ग्रंथ मोठ्या संख्येने अमेरिकन विद्यापीठांत पोहोचले. त्यांच्या नोंदी रोमन लिपीत झाल्या. या लिप्यंतरात उच्चारात लोप पावणारा शब्दान्तीचा ‘अ’ही लिहिला जातो. त्यामुळे विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ या कादंबरीचे नाव तेथे रोमन ‘ए’ अक्षराने संपते. ही पद्धत ठाऊक नसलेला मराठी वाचक ते अक्षर वगळून शोधतो आणि त्याला ग्रंथ न सापडण्याची शक्यता असते. नोंदीत रोमन रूपाच्या जोडीने मूळ देवनागरी रूपही देणे, ही त्यावरील उपयुक्त सुधारणा आहे.

महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानुसार शासनमान्य ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले. लहान ग्रंथालयांतील वाचक बहुधा तालिका न पाहता थेट ग्रंथपालालाच विचारतो, आणि ग्रंथपालाची स्मरणशक्ती तालिकेचे काम करते. ग्रंथपाल बदलला किंवा संग्रह वाढला की ही व्यवस्था अपुरी पडते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’, इन्फ्लिबनेट केंद्राची ‘सोल’ आणि न्यूझीलंडमध्ये विकसित झालेली ‘कोहा’ ही मुक्त प्रणाली यांच्या साहाय्याने देवनागरीतील संगणकीय तालिका तयार करता येते. १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची नोंद करणारी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ ही एखाद्या ग्रंथालयाची तालिका नसली, तरी जुन्या ग्रंथांची लेखकनामे व आवृत्त्या पडताळण्यासाठी ती आजही महत्त्वाचा आधार मानली जाते.

मूल्यमापन

तालिकेतील सुधारणांविषयी वाचकांना आस्था असते का, या प्रश्नाचे एकच उत्तर देता येत नाही. उपलब्धतेची माहिती, अनुक्रमणिका, निकालांचा उपयुक्त क्रम आणि आपल्या भाषेत व लिपीत शोध घेण्याची सोय या सुधारणा वाचकांना प्रत्यक्ष जाणवतात, आणि त्यांतील काही त्यांनी स्वतः मागितल्या आहेत. नियमावली, नोंदींचे आराखडे व नाव-नियंत्रण यांतील सुधारणा त्यांना दिसत नाहीत. त्यांचा परिणाम केवळ सापडलेल्या किंवा न सापडलेल्या ग्रंथांतून प्रकट होतो.

यामुळे दोन परस्परविरोधी धोके संभवतात. वाचकांना रस नाही असे मानून तालिकीकरणावरील खर्च कमी केल्यास त्याची हानी लगेच लक्षात येत नाही. न सापडलेल्या ग्रंथांचा हिशेब कोणी ठेवत नाही. उलट, वाचकांच्या प्रत्यक्ष वापराकडे दुर्लक्ष करून केवळ नोंदींच्या परिपूर्णतेचा ध्यास घेतल्यास पानिझ्झी यांच्या काळाप्रमाणे तालिकेची वाट पाहणारा वाचक दुरावतो. त्यामुळे कोणतीही सुधारणा हाती घेताना वाचकाचे मत, त्याचा प्रत्यक्ष शोधव्यवहार आणि त्याला न दिसणारे परिणाम या तिन्हींचा विचार करणे आवश्यक ठरते.